पाट्या पुसल्या, सूर बदलला

आमच्या मामांचे नाव दूरदर्शनच्या पडद्यावर तेरा वेळा आले. मालिका तेरा भागांची होती आणि प्रत्येक भागाच्या शेवटी ज्या पाट्या वर सरकत, त्यांत खालून चौथी ओळ त्यांची असे. आधी ‘पखवाजसाथ’ आणि पुढे नाव. एकेका वेळी दोन-अडीच सेकंद. तेरा वेळांचा हिशेब केला तर सारे मिळून जेमतेम अर्धे मिनिट भरते. त्यातही आडनावातला एक काना मुंबईकरांनी खाल्लेला. पण त्या अर्ध्या मिनिटाने आमच्या घराला जे दिले ते पुढे कुठल्या मानपत्राने दिले नाही.

ही गोष्ट १९८९ सालची. आमचे गाव तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. हिंगोली जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. मामा नरसीच्या देवळात आणि आसपासच्या सप्ताहांत मृदंग वाजवायचे. एका संगीतकाराने त्यांना कुठल्याशा कीर्तनात ऐकले आणि मालिकेतल्या काही प्रसंगांसाठी मुंबईला बोलावून घेतले. मामा मृदंग धोतरात गुंडाळून मीटरगेजच्या गाडीत बसले, मनमाडला गाडी बदलली आणि चार दिवसांनी परत आले. बिदागी किती मिळाली ते त्यांनी कुणालाच सांगितले नाही, त्यावरून ती किती असेल याचा अंदाज सर्वांनी बांधला.

पहिला भाग लागला तेव्हा हिंगोलीत आमच्या घरी चाळीसएक माणसे जमली होती. मामी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत बसल्या, बाहेर आल्या नाहीत. मामा खाली मान घालून बसले. पाटी आली आणि गेली. एक क्षण कोणी बोलेना. मग शेजारचे तात्या म्हणाले, “भाऊ, नाव आलं, पर काना कुठं गेला?” मामा म्हणाले, “मनमाडला गाडी बदलताना राहिला असंल.” त्या संध्याकाळी आमच्या घरी दोनदा चहा झाला.

मामा १९९८ साली गेले. त्यानंतर सहा-सात वर्षांनी हिंगोलीच्या दसऱ्याच्या प्रदर्शनात, रामलीला मैदानावरच्या एका दुकानात, त्या मालिकेची व्हीसीडी मला दिसली. मालिकेचे नाव मी मुद्दाम देत नाही, तसेच ती तबकडी काढणाऱ्या कंपनीचेही. त्या एका कंपनीचीच ही गोष्ट असती तर लेख लिहिण्याऐवजी पत्र लिहून भागले असते. पाच तबकड्यांचा संच मी भाव न करता घेतला आणि त्याच रात्री मामींना सोबत घेऊन लावला.

सुरुवातीच्या पाट्या नव्हत्या. कंपनीचे बोधचिन्ह फिरले आणि एकदम पहिला प्रसंग सुरू झाला. ठीक आहे, म्हटले. मग आरतीचा प्रसंग आला, ज्यासाठी मामा मुंबईला गेले होते तो. समोर देऊळ, टाळकरी, मृदंगावर थाप मारणारा नट. आणि ऐकू येत होता एक कीबोर्ड. लग्नाच्या मांडवात नवरा-नवरी यायच्या आधी वाजतो तसला. नटाचा हात मृदंगावर पडत होता आणि आवाज निघत होता यंत्रातून, तोही हाताच्या आधी किंवा नंतर. भाग संपला, पाट्या आल्याच नाहीत. पुढच्या भागाचे पहिले दृश्य लागले.

मामी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र म्हणाल्या, “पुजारी बोलतो ना, तिथं परत लाव.” लावले. पुजाऱ्याच्या संवादाच्या खाली, अगदी दूरवर, दोन-तीन आवर्तने मृदंग ऐकू येत होता. मामांचा. मला कळायला वेळ लागला, पण त्यामागचे कारण साधे आहे. त्या काळच्या अशा अनेक फितींवर संवाद, संगीत आणि पायरव एकाच पट्टीवर मिसळलेले असत. जिथे कोणी बोलत नाही तिथला आवाज सरसकट काढून टाकता येतो. जिथे माणूस बोलतो तिथे संगीत काढायचे तर संवादही जातो. म्हणून कात्री संवादाच्या कडेकडेने फिरली होती आणि पुजाऱ्याच्या आसऱ्याने मामा तेवढे शिल्लक राहिले होते.

वेष्टनावर एक फोन नंबर होता. मी फोन लावला. पलीकडचा तरुण सभ्य होता. म्हणाला, काका, जुना आवाज खराब झाला होता, काही ठिकाणी परवानगीचीही भानगड होती, म्हणून नवीन टाकला. मी विचारले, आणि नावे? तो म्हणाला, एका तबकडीत तीन भाग बसवायचे असतात, पाट्या काढल्या की बसतात. खोटे नव्हते त्याचे. व्हीसीडीत सव्वा तासाच्या आसपासच चित्र मावते; पंचवीस मिनिटांचे तीन भाग म्हटले की शेवटची मिनिटे बाहेर लोंबतात. पुढे त्याने जे वाक्य उच्चारले ते मात्र माझ्या डोक्यातून अजून गेलेले नाही. “लोकांना चालतं, काका.”

खरेच चालते का? आमच्याकडे याची दाद-फिर्याद फारशी झालेली नाही. अमेरिकेत मात्र ती झाली, म्हणून तिकडची दोन उदाहरणे देतो. तिथे ‘द फ्युजिटिव्ह’ नावाची मालिका १९६३ ते १९६७ या काळात गाजली. पत्नीच्या खुनाचा खोटा आळ आलेला एक डॉक्टर गावोगाव पळतो आहे, अशी कथा. संगीत पीट रुगोलो यांचे आणि त्याच्या जोडीला संग्रहातून घेतलेले तयार संगीताचे तुकडे. २००८ साली तिच्या दुसऱ्या मोसमाचा पहिला डीव्हीडी-संच आला तेव्हा प्रेक्षकांच्या लक्षात आले की सुरुवातीची धून वगळता पार्श्वसंगीत बहुतेक सगळे बदललेले आहे. त्या जागी सिंथेसायझरवरचे नवे संगीत होते आणि त्याचे श्रेय मार्क हेयस यांच्याकडे होते. साठीच्या दशकातला काळा-पांढरा रस्ता, त्यावर धावणारा माणूस, आणि मागे चाळीस वर्षांनंतरचा यंत्राचा सूर. प्रेक्षकांनी एवढा आरडाओरडा केला की कंपनीला पुढच्याच वर्षी बरेचसे मूळ संगीत परत घालून सुधारित संच काढावा लागला.

दुसरे उदाहरण ‘डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी’ या विनोदी मालिकेचे, १९७८ ते १९८२ या वर्षांतले. कथा एका रेडिओ केंद्राची, त्यामुळे तिच्यात त्या वेळची गाजणारी गाणी वाजत असत. गाणी काढली तर रेडिओ केंद्रात उरले काय? पण २००७ साली पहिल्या मोसमाचा संच आला तेव्हा त्यातली पुष्कळ गाणी गेली होती, काही जागी प्रसंगही आखडले होते. एका पात्राच्या दारावरची घंटा वाजली की एका प्रसिद्ध गाण्याची धून वाजायची. तो त्या पात्राचा थाटच होता. तिथे दुसरीच, कोणाच्या मालकीची न उरलेली जुनी धून बसवण्यात आली. घंटेपुरते स्वर, पण त्यांचेही भाडे पडते. २०१४ साली दुसऱ्या एका कंपनीने चिकाटीने परवानग्या मिळवून बरीच गाणी परत आणली.

यातला व्यवहार समजून घेतला पाहिजे, नाहीतर आपण नुसतेच चिडत बसू. एक गाणे वाजले की दोन मालक जागे होतात. एक, ज्याच्याकडे शब्द आणि चाल यांचे हक्क आहेत तो. दुसरा, ज्याच्याकडे त्या ध्वनिमुद्रणाचे हक्क आहेत तो. मालिका बनली तेव्हा करार झाला तो प्रक्षेपणाचा, तोही बहुधा ठराविक वर्षांचा. लोक एक दिवस ती मालिका डबीत घालून घरी नेतील, ही कल्पना त्या कागदांवर सही करणाऱ्यांच्या डोक्यात नव्हती. मग तीस वर्षांनी कंपनी हिशेब करते. जुन्या गाण्याची परवानगी महाग, नवा तुकडा स्वस्त. मालकी हक्क मागणारा संगीतकार चुकीचा नाही, परवडत नाही म्हणणारी कंपनीही सर्वस्वी खोटारडी नाही. चूक सुरू होते ती वेष्टनावर. आत काय बदलले आहे हे बाहेर लिहिलेले नसते. तूप म्हणून डालडा देणे आणि डालडा म्हणून डालडा देणे यात जेवढे अंतर, तेवढेच हे.

आपल्याकडे गोष्ट निराळ्या रस्त्याने गेली. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीच्या खटल्यात निकाल दिला की निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी करून घेतलेल्या संगीताचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, निर्माताच. त्यामुळे इथे निर्मात्याला स्वतःच्या चित्रातले गाणे काढायची पाळी क्वचित आली. गाणी जागेवर राहिली. गीतकार-संगीतकार मात्र गाण्याच्या बाहेर उभे राहिले. २०१२ साली कायद्यात दुरुस्ती झाली, जावेद अख्तर यांनी तिच्यासाठी संसदेत आणि संसदेबाहेर जोर लावला होता. चित्रपटगृहाबाहेरच्या वापरासाठी गीतकार-संगीतकारांना मानधनाचा वाटा मिळण्याचा हक्क आला, तो लिहून देऊनही टाकता येत नाही. त्याच दुरुस्तीने वादक-गायकांनाही, म्हणजे कायद्याच्या भाषेत कलावंतांना, आपले नाव मिळण्याचा आणि आपली कला विद्रूप होऊ न देण्याचा हक्क दिला. कलम ३८ ख. लेखक-संगीतकारांना असा हक्क कलम ५७ ने आधीपासून होता. मामांची मालिका या कलमाआधीची. शिवाय कागदावर हक्क असणे आणि हिंगोलीच्या मृदंगवाल्याने मुंबईच्या कंपनीवर दावा लावणे यांच्यामध्ये मनमाडहूनही लांबचा प्रवास आहे.

पैसे हा यातला एक भाग झाला. नाव हा दुसरा, आणि आमच्या भागातल्या माणसाला तो नीट कळतो असे मला वाटते. नरसी हे संत नामदेवांचे गाव. अभंगाच्या शेवटी आपले नाव गुंफायची रीत या परंपरेत पक्की आहे. आजच्या भाषेत सांगायचे तर पाटी गाण्याच्या पोटातच घातलेली. पाटी कापायची तर अभंग कापावा लागतो, पुजाऱ्याच्या संवादाखालच्या मृदंगासारखेच. म्हणून सातशे वर्षे तोंडोतोंडी फिरूनही नामदेव कुठे हरवले नाहीत. त्यांची एकसष्ट पदे शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात आहेत. तिथे चाल वेगळी, राग वेगळे, गाणारे वेगळे, आणि नाव मात्र जागेवर. अर्थात या रीतीचीही एक गंमत आहे. पुढे विष्णुदास नामा नावाचे कवी झाले, त्यांचीही मुद्रा ‘नामा’च, आणि दोघांच्या रचना गाथेत अशा मिसळल्या की अभ्यासकांना त्या वेगळ्या करता करता नाकी नऊ आले. एक नाव दोघांचे झाले तर एवढा घोळ होतो. मग नावच नसेल तर पुढच्यांनी काय शोधायचे?

नावासाठी झालेले भांडणही आपल्याकडे जुने आहे. १९४९ सालच्या ‘महल’मधल्या ज्या गाण्याने लता मंगेशकर घराघरांत पोचल्या त्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून नाव होते ‘कामिनी’, म्हणजे चित्रपटातल्या पात्राचे. श्रोत्यांनी रेडिओला पत्रे लिहून विचारले, ही गाणारी कोण? तेव्हा खरे नाव सांगितले गेले. त्याच लताबाईंनी पुढे मराठी चित्रपटांना संगीत देताना ‘आनंदघन’ हे टोपणनाव घेतले हे मला फार आवडते. नाव लपवायचे की सांगायचे हे ज्याचे त्याने ठरवावे. दुसऱ्याने जागा पुरत नाही म्हणून ठरवू नये.

आमच्या पिढीला नावे कळली ती आकाशवाणीमुळे. परभणी केंद्र असो की विविध भारती, निवेदक गाण्याआधी गीतकार, संगीतकार, गायक अशी तिन्ही नावे घेत, आणि आम्ही पोरे ती पाढ्यांसारखी पाठ करत असू. गाणे कुठल्या चित्रपटातले हे सांगता येत नसे, पण शब्द कोणाचे ते सांगता येई. मग ऐंशीच्या दशकात कॅसेटचा पूर आला. जुनीच गाणी, नवे आवाज, वेष्टनावर मूळ गायकाची आठवण होईल असे काहीतरी. आमच्या बाजारात पंधरा-वीस रुपयांना मिळणारी ती कॅसेट घरी लावल्यावर आजी म्हणायची, याचा गळा बसलाय का? तिला कोण सांगणार की गळाच दुसऱ्याचा आहे! त्या कॅसेटींनी गरीब घरात गाणी पोचवली आणि सोनू निगमसारखे गायक त्यातूनच वर आले, हेही तितकेच खरे. पण २०१२ च्या दुरुस्तीने अशा नव्या मुद्रणावर बंधने घातली: मूळ गाण्यानंतर पाच वर्षे थांबायचे, वेष्टनावर मूळ गायकाचे नाव किंवा चित्र वापरायचे नाही, आणि ही नवी आवृत्ती आहे असे स्पष्ट छापायचे. कॅसेटला जे बंधन लागू झाले ते जुन्या मालिकेच्या बदललेल्या आवाजाला का नसावे, हा माझा साधा प्रश्न आहे.

कॅसेट गेली, व्हीसीडी गेली, तबकड्याही गेल्यात जमा आहेत. आता सगळे वरून येते. तिथे मालिका लागली की कोपऱ्यात बटण येते, सुरुवात वगळा. शेवटच्या पाट्या आल्या की चित्र आक्रसून कोपऱ्यात जाते आणि पुढचा भाग पाच सेकंदांत सुरू होतो म्हणून सांगते. ‘आभाळमाया’च्या शीर्षकगीतासाठी लोक हातातले काम टाकून येत, आज तेवढा अर्धा-एक मिनिट आपल्याला ओझे वाटतो. २०२० साली हिंदीतल्या गीतकारांना एकत्र येऊन ‘क्रेडिट दे दो यार’ असे गाणेच करावे लागले, कारण गाणी ऐकवणाऱ्या ठिकाणी त्यांची नावे सापडत नव्हती. आणि आता संगीत बदलायला तबकडी नव्याने छापावीही लागत नाही. २०२५ साली ‘गुड बॅड अग्ली’ या तमिळ चित्रपटात आपली जुनी गाणी परवानगीवाचून वापरली म्हणून इलयराजा न्यायालयात गेले, मद्रास उच्च न्यायालयाने अंतरिम मनाई दिली आणि चित्रपट नेटफ्लिक्सवरून उतरवावा लागला. इलयराजांची बाजू मला पटते. पण यातून एक गोष्ट ध्यानात येते: घरात तबकडी असेल तर निदान जुनी प्रत आपल्या कपाटात राहते. वरून येणारे चित्र रात्रीतून बदलले तर काल काय होते याचा पुरावा कोणापाशी?

पुराव्याची आपल्याला तशीही फार चाड नाही. फिती महाग म्हणून जुने कार्यक्रम पुसून त्याच फितीवर नवे मुद्रण करायची पद्धत जगभर होती. ब्रिटनच्या बीबीसीने ‘डॉक्टर हू’ मालिकेचे साठच्या दशकातले नव्वदहून अधिक भाग असेच गमावले. त्यातले काही पुढे परदेशातल्या केंद्रांच्या कपाटांतून परत मिळाले. आणि गमावलेल्या भागांचा आवाज वाचला तो घरी टेपरेकॉर्डर लावून बसलेल्या पोरांमुळे. मुंबई दूरदर्शन सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. पहिल्या दोन दशकांत तिथे किती गायक, वादक, नेपथ्यकार, रंगभूषाकार येऊन गेले असतील! त्यांतल्या बहुतेकांचे नाव फक्त शेवटच्या पाट्यांत आहे. लेखकाचे पुस्तक निघते, नटाचा फोटो छापून येतो. पखवाजवाल्याला पाटी सोडून दुसरी जागा नाही.

माझे मागणे मोठे नाही. संगीत बदलायची वेळ आलीच तर बदला, पण बाहेर ठळक लिहा, आणि मूळ संगीतकाराच्या नावावर नवे संगीत खपवू नका. पाट्या कापू नका. जागा नसेल तर वेष्टनावर छापा, वरून दाखवत असाल तर खाली लिहा, तिथे जागेला काय तोटा? आणि ज्यांच्या घरी जुन्या फिती पडल्या आहेत त्यांनी त्या माळ्यावरून खाली काढाव्यात. हे शेवटचे मी स्वानुभवाने सांगतो.

कारण गेल्या उन्हाळ्यात वसमतच्या एका लग्नाच्या शूटिंगवाल्याकडे आम्हाला त्या मालिकेची घरी मुद्रित केलेली व्हीएचएस फीत सापडली. त्याच्या वडिलांनी टीव्हीवरून उतरवून घेतलेली. फितीला बुरशी लागली होती. त्याने ती पुसून, सुकवून, दोन दिवस खपून तिची प्रत केली. चार भाग निघाले. आरतीचा प्रसंग पूर्ण आहे, मृदंग पूर्ण आहे. मध्येच साबणाच्या जाहिरातीचा एक तुकडाही आहे. पाट्या मात्र नाहीत. त्याचे वडील फीत वाचावी म्हणून भाग संपला की लगेच बटण दाबत असत.

मामींचे वय आता पंच्याऐंशी आहे. त्यांनी ते चार भाग नातवाच्या फोनवर पाहिले. नातवाने मला विचारले, यात कोणाकोणाची नावे लिहायची, सांगा, मी शेवटी जोडतो. आम्ही तिघे बसलो. संगीतकार आठवला, बासरीवाला आठवला, टाळ कोण धरत होते तेही मामींना ठाऊक होते, कारण मामांनी परत आल्यावर सांगितले होते. एकूण अकरा ओळी होत्या एवढे मला पक्के स्मरते. सात भरल्या. मामांच्या आडनावात काना घातला. चार ओळी रिकाम्या ठेवल्या आहेत.